माजी आमदार मंत्रालयात जातात तेव्हा

माझ्या नोकरीच्या करारात एक अट आहे: कंपनी सोडल्यावर वर्षभर तिच्या क्लायंटकडे काम करायचं नाही. मी साधा कोड लिहिणारा माणूस. पण ज्यानं काल विधानसभेत कायदा केला, त्याला उद्या त्याच कायद्यात सवलत मागायला, तीही कुणाकडून पैसे घेऊन, आपल्याकडे आडकाठी नाही.

घटनाकारांना हा धोका दिसत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला देशात कुठेही वकिली करता येत नाही. कॅगला नंतर सरकारी पद घेता येत नाही. आमदार-खासदार तेवढे सुटले. अमेरिकेत माजी सिनेटरला दोन वर्षं लॉबिंग बंद असतं.

1951 साली हंगामी संसदेतले एच. जी. मुद्गल मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिची बाजू मांडताना सापडले. नेहरूंनी चौकशी समिती नेमली, मुद्गलांना जावं लागलं. हेच काम त्यांनी 'माजी' होऊन केलं असतं तर? कुणी विचारलंही नसतं.

आमच्या नगर जिल्ह्यात मामला आणखी गुंतलेला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यामागे होते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. दोघंही तेव्हा आमदार नव्हते. पुढे कोपरगाव, संगमनेरकडे कारखाना आणि आमदारकी एकाच वाड्यात नांदू लागली. कर्जाची थकहमी असो की इथेनॉलचं धोरण, मागणारा आणि देणारा दोघंही सभागृहात शेजारी बसलेले. निवडणूक हरली तरी कारखाना हातात राहतो, म्हणजे मुंबईच्या फेऱ्याही राहतात.

आणि खरं सांगायचं तर ऊस शेतात वाळत असेल तेव्हा शेतकऱ्यालाच वाटतं, साहेबांनी जाऊन बोलावं. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करणाऱ्यावर दोन वर्षांची बंदी हवी, आणि बाकीच्या भेटींची नोंद.

रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये आमदार-खासदारांना नागरी सहकारी बँकांचे व्यवस्थापकीय संचालक व्हायला मनाई केली. 'माजी' मात्र तिथेही मोकळे.

याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली. राज्याचा कायदा 2002 मध्ये आला, देशाचा 2005 मध्ये. त्यामुळे फाइलमधलं पत्र मागता येतं. पण केबिनमध्ये कोण, कुणाच्या वतीनं बसलं होतं, ते कुठे लिहिलेलंच नसतं. मंत्रालयाच्या गेटवर माझं ओळखपत्र तर बघतातच. माजी आमदारांना तिथेच विचारायचं, आज कुणाच्या कामासाठी आलात?