लशीची उजळणी

इंग्लंडांत एडवर्ड जेन्नरनें १७९६ मध्यें गाईच्या देवीची लस प्रथम एका मुलाला टोचली, तेव्हां एकदां लाभलेलें हें कवच जन्मभर पुरेल असा त्याचा विश्वास होता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचण्यांत आली आणि हिंदुस्थानांत लसीकरणाला प्रारंभ झाला. पण जेन्नरचा विश्वास अर्धाच खरा ठरला. लहानपणीं देवी काढलेलीं कांहीं माणसें मोठेपणीं त्याच रोगाला बळी पडूं लागलीं. १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियाच्या सैनिकांना पुन्हां टोचलेलें होतें. फ्रेंच सैन्यांत देवीनें जो हाहाकार केला, त्या मानानें प्रशियाची हानि फारच थोडी झाली. १८७४ मध्यें जर्मनीनें बाराव्या वर्षीं दुसरी टोचणी सक्तीची केली. लस खोटी नव्हती. तिची उजळणी आवश्यक होती.

हाच धडा कोविडच्या सांथींत पुन्हां गिरवावा लागला. लशीनें रक्तांत उत्पन्न झालेलीं प्रतिद्रव्यें कांहीं महिन्यांनीं ओसरतात; रोगाची ओळख मात्र शरीराच्या पेशींत अधिक काळ टिकते. न म्हटलेले पाढे अडखळतात, पण एकदां म्हणतांच पुन्हां जिभेवर येतात, तसेंच हें आहे. त्यांतच नोव्हेंबर १९२१ नव्हे, तर २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा विषाणूचा बदललेला अवतार प्रकट झाला. ब्रिटनमधील पाहणींत असें आढळलें कीं, आपल्याकडे कोव्हिशील्ड या नांवानें दिलेल्या लशीच्या दोन मात्रांनंतर पांच महिन्यांनीं ओमिक्रॉनच्या लक्षणयुक्त आजारापासून जवळजवळ कांहींच संरक्षण उरत नाहीं. फायझर लशीची तिसरी मात्रा दिल्यावर तें सुमारें ६२ टक्क्यांवर गेलें, आणि दहा आठवड्यांनंतर ४० टक्क्यांवर उतरलें. गंभीर आजारापासूनचें संरक्षण मात्र अधिक टिकलें. भारतांत प्रारंभीं पूर्वींच्याच लशीचा बूस्टर डोस दिला गेला, म्हणून हे आंकडे येथें जसेच्या तसे लागू करतां येत नाहींत; तत्त्व मात्र तेंच.

हें तत्त्व कागदावर सरळ दिसतें. बीड जिल्ह्यांत त्याची गांठ एका निराळ्याच पंचांगाशीं पडली. मुकादमाकडून उचल घेतलेलीं लाखों माणसें दसरा-दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटक येथील कारखान्यांच्या ऊसफडांवर कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तरी मजुरी बुडते, वर दंडहि पडतो. २०२१ च्या जुलैंत जो पहिली मात्रा घेई, त्याची दुसरी चौऱ्यांशी दिवसांनीं, म्हणजे नेमकी निघण्याच्या घाईंत येई. १० जानेवारी २०२२ रोजीं वैद्यकीय सेवक व व्याधिग्रस्त वृद्ध यांच्यासाठीं तिसरी मात्रा सुरू झाली, तेव्हां गाळपाचा हंगाम ऐन भरांत होता. एप्रिलांत ती सर्व प्रौढांना खुली झाली. पण साठीच्या आंतल्यांना खासगी केंद्रांत २२५ रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क मोजावें लागे.

शेवटीं १५ जुलै २०२२ पासून पंचाहत्तर दिवस सरकारी केंद्रांत ती सर्व प्रौढांना मोफत मिळाली. ही मुदत ३० सप्टेंबरला संपली. दसरा ५ ऑक्टोबरला होता. ऊसतोड कुटुंबें घरीं असतात तेच हे दिवस. योजना देशासाठीं आंखलेली होती, बीडसाठीं नव्हे. तरी शास्त्राचें आणि श्रमाचें पंचांग त्या एका पावसाळ्यांत जुळलें.

लस किती दिवस टिकते, हें प्रयोगशाळा सांगूं शकते. ती माणसापर्यंत केव्हां पोंचेल, हें त्याच्या पोटाच्या वाटेवरून ठरतें. पुढची सांथ येईल तेव्हां उजळणीचा दिवस ठरवितांना या दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर मांडाव्या लागतील.