थळ घाट : खोदकामाचा दफ्तरी इतिहास

थळ घाट म्हणजे मुंबई–नाशिक लोहमार्गावरील कसारा ते इगतपुरी हा चढ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने तो १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला केला. नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरात ९७२ फुटांची चढण, सर्वांत अवघड ठिकाणी ३७ फुटांस १ फूट चढ आणि १३ बोगदे, असे त्याचे मूळ मान.   हे खाणकाम नव्हे; तरीही या डोंगराच्या पोटातील खोदकामाचा माग काढायचा, तर साधने खाणीच्या इतिहासाचीच लागतात : करार, नकाशे आणि हिशेब.

ही कागदपत्रे विपुल आहेत, आणि त्याचे कारण पैशात आहे. १८४९च्या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. तोटा तिजोरीवर पडणार म्हणून प्रत्येक मोठ्या खर्चाला सरकारी अभियंत्याची संमती लागे, आणि तो पत्रव्यवहार मुंबईच्या व लंडनच्या दफ्तरखान्यांत साठत गेला. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने १८६०मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेला निबंधही याच मुशीतला. त्यामुळे बोगद्याची लांबी यार्डांत सापडते. सुरुंग ठासणाऱ्याचे नाव सापडत नाही. मजुरांशी सरकारचा थेट हिशेब नव्हताच; तो कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम यांच्यात मिटे. हे दफ्तर व्याजाची राखण करण्यासाठी जन्मले, आणि ते तसेच वाचले पाहिजे.

यावर आक्षेप असा, की मग मजुरांचा इतिहास लिहिणे अशक्यच. तसे नाही. भांडण झाले की मजूर कागदावर येतो. जानेवारी १८५९मध्ये याच कंपनीच्या मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटात थकलेल्या मजुरीवरून दंगा उसळला. पुढच्याच वर्षी सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांसाठी १८६०चा ९वा कायदा आला. तेव्हा थळ घाटासाठीही बांधकाम खात्याइतकीच न्याय खात्याची कागदपत्रे चाळावी लागतात. लोककथेने ही उणीव भरून निघते, हा दुसरा दावा मात्र जपून घ्यावा. बोरघाटात इंग्रजांना वाट दाखविल्याची कथा सांगितली जाते त्या शिंग्रोबा धनगराचे देऊळ आहे. मार्गाची आखणी कोणी केली याचा तो पुरावा ठरत नाही. पण सरकारी कागदांत स्थानिक नावे क्वचितच असणे लोकांना किती खटकले, याचा ठरतो.