दर्जाचा भाव

‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पेपरवाल्यांच्या ठेल्यांवर आला. मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन आणि किंमत १० सेंट. सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या. आज शंभरेक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज. बाकीच्या कुठे गेल्या? पोरांनी वाचून वाचून त्यांचा चोळामोळा केला. महायुद्धात सरकारने रद्दी गोळा करायची मोहीम काढली तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. १९४८च्या सुमारास काही गावांत कॉमिक्सच्या होळ्या झाल्या आणि १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने ‘कॉमिक्समुळे मुलं बिघडतात’ असं सांगणारं पुस्तक लिहिल्यावर आयांनी उरलंसुरलं झाडून बाहेर काढलं. पुढे जे लाखांचे भाव आले त्यांचं निम्मं श्रेय या आयांना द्यायला हरकत नाही.

१९६०च्या दशकात जुनी कॉमिक्स शोधणारी मंडळी एकमेकांना टपालाने याद्या पाठवू लागली. भाव ज्याचा त्याचा. विकणारा सांगेल तो आकडा आणि घेणाऱ्याची गरज, एवढ्यावर सौदा व्हायचा. १९७० साली टेनेसी राज्यातल्या क्लीव्हलंड गावच्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी भावांचं पहिलं पुस्तक काढलं. किंमत ५ डॉलर. त्यात सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाचा उत्तम प्रतीचा भाव होता ३०० डॉलर. पण माझ्या मते त्या पुस्तकातली खरी क्रांती या आकड्यात नव्हती. प्रत्येक अंकापुढे बरी, चांगली आणि कोरी करकरीत अशा अवस्थांचे वेगवेगळे भाव होते. एकच गोष्ट, तीच चित्रं, पण दर निराळे. तेव्हापासून संग्राहक कॉमिकपेक्षा त्याची अवस्था विकत घेऊ लागला, आणि या छंदात पुढे जो जो खर्च शिरला तो अवस्थेचं बोट धरूनच शिरला.

अवस्थेला किती मोल येऊ शकतं हे १९७७ साली दिसलं. कोलोरॅडोमध्ये चक रोझान्स्की या तरुण दुकानदाराने एडगर चर्च नावाच्या जाहिरात-चित्रकाराचा अख्खा साठा उचलला. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे हजारो अंक, थप्प्या लावून ठेवलेले आणि तिथल्या कोरड्या हवेत जसेच्या तसे राहिलेले. कागद पांढरा, रंग ताजे. रोझान्स्कीने त्यांना पुस्तकातल्या भावाच्या कित्येक पट दर लावला. लोकांनी आधी बोटं मोडली आणि मग पैसे मोजले. आजही ‘माइल हाय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साठ्यातली प्रत म्हटलं की बोली आपोआप वर सरकते. त्याच सुमारास मायलार या प्लास्टिकची पाकिटं आणि आम्ल नसलेले पुठ्ठे आले. दहा सेंटच्या वस्तूभोवती तिच्याहून महाग आवरण आलं ते तेव्हा.

१९९०च्या दशकातली तेजी फार वेळ सांगण्यासारखी नाही. १९९२ साली सुपरमॅनला मारलं, तो अंक काळ्या पिशवीत घालून लाखोंनी विकला आणि लोकांनी पिशवी न फोडता मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून जपून ठेवला. जी वस्तू सगळ्यांनीच जपली, तिला भाव कुठून येणार? बाजार कोसळला, दुकानं बंद पडली, १९९६च्या अखेरीस खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या पडझडीनंतर, २००० साली, सीजीसी ही कंपनी आली. कॉमिक त्यांच्याकडे पाठवायचं, त्यांनी ०.५ ते १० या मापात ग्रेड द्यायची आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत करायचा. बाजारात या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. डागडुजी केलेल्या अंकाला जांभळी पट्टी. ती दिसली की भाव घसरलाच. साध्या अंकाला ठरावीक फी, मौल्यवान अंकाला त्याच्या किमतीच्या टक्क्यांत. म्हणजे वस्तू महाग, तर ती महाग आहे असं लिहून घेणंही महाग. ज्यात स्पायडरमॅनचं पहिलं दर्शन घडलं तो १९६२चा अंक मुळात १२ सेंटचा; ९.६ ग्रेडची त्याची प्रत २०११मध्ये ११ लाख डॉलरला गेली आणि २०२१मध्ये तशीच एक ३६ लाखांना. खालच्या ग्रेडच्या फाटक्या प्रती हजारांतच फिरत राहिल्या.

साहजिकच ग्रेडच्या दशांशांची एकेक पायरी चढायचा धंदा सुरू झाला. अंक पेटीतून काढायचा, उष्णता आणि दाब देऊन दुमड सपाट करायची आणि पुन्हा ग्रेडिंगला पाठवायचा. रंग न तुटलेली घडी यात जवळपास नाहीशी होते. ही डागडुजी की नुसती इस्त्री, यावर संग्राहकांत बरीच हमरीतुमरी झाली. सीजीसीने ती डागडुजी मानली नाही, आणि २०१२ साली तिच्या मूळ कंपनीने इस्त्री करणारी एक कंपनीच विकत घेतली. परीक्षा घेणारा आणि शिकवणी घेणारा एकाच घरचा झाला.

विकणाऱ्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. समजा, लिलावात हातोडा १०,००० डॉलरवर पडला. घेणारा त्यावर वीस टक्के प्रीमियम देऊन १२,००० मोजतो, वर राज्याचा विक्रीकर. विकणाऱ्याच्या हाती १०,००० येतात, तेही लिलावघराने त्याच्याकडून कमिशन घेतलं नाही तर. त्यातून ग्रेडिंग, इस्त्री, विमा, टपाल वजा करा. शिवाय संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर अमेरिकेत केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. शेअरवर तो कमाल २० टक्के आहे. भाव दुप्पट झाला तरच काही उरलं असं वाटावं, अशी ही रचना. तरीही एप्रिल २०२४मध्ये ‘अॅक्शन’च्या पहिल्या अंकाची ८.५ ग्रेडची प्रत ६० लाख डॉलरला गेलीच.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक शोधणारे आहेत, पण तिथे अजून बोलीभाषेतलंच मापन चालतं: कव्हर आहे का, पानं पुरी आहेत का, कुणी बाइंडिंग करताना कडा कापल्यात का. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, कारण अंक हातात घेऊन उलटता तरी येतो.

स्लॅबमध्ये ते जमत नाही. १९७४च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ अंक १८१मध्ये वुल्व्हरीन पहिल्यांदा पूर्ण भूमिकेत येतो, आणि आत शॅना या मार्व्हलच्याच पात्राच्या चित्राचं एक तिकीट आहे. तेव्हा मार्व्हलनेच ते कापून वहीत चिकटवा म्हणून सांगितलं होतं, आणि आज्ञाधारक मुलांनी कापलंही. कापलेलं असेल तर आज किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. २०२३च्या अखेरीस संग्राहकांच्या लक्षात आलं की काही पेट्या छेडून आत दुसराच, हलका अंक घातलेला आहे. सीजीसीने संशयित प्रमाणपत्रांचे क्रमांक जाहीर केले. आपल्या पेटीतल्या अंकात शॅना आहे की नाही हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, त्याला पेटी फोडावी लागते. फोडली की ग्रेड गेली. मग अंक पुन्हा पाठवायचा, फी पुन्हा भरायची.