फाट्यावरची कपबशी

वारंगा फाट्याला नाव मिळवून दिले ते रस्त्यांनी. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात वारंगा गावाजवळ तीन वाटा मिळतात. एक अर्धापूरवरून नांदेडला जाते, दुसरी कळमनुरीवरून हिंगोलीला, तिसरी हदगाव-यवतमाळवरून नागपूरकडे. फाटा आला की गाडी थांबते, आणि गाडी थांबते तिथे हॉटेल उभे राहते. वारंगा फाट्याची खिचडी नांदेड-हिंगोली पट्ट्यात नावाजलेली आहे. पातेल्यातली वाफाळती खिचडी प्लेटीत पडते, प्रवासी उभ्याउभ्या खातो, पैसे देतो आणि गाडीत चढतो. तो ‘कोणापैकी’ आहे, हे हॉटेलवाल्याला ठाऊक नसते आणि विचारायला सवडही नसते. जातीची विचारपूस न करता अन्न विकण्याची ही रीत आज साधी वाटते. महाराष्ट्रातल्या धंद्यांना ती सहज साधलेली नाही.

गावातल्या हॉटेलची गोष्ट वेगळी होती. तिथे प्रत्येक गिऱ्हाईक ओळखीचे, आणि ओळखीतच जात आली. दलितांसाठी वेगळा कप असे. बहुधा कान तुटलेला तो कप बाहेर कुडाच्या खुंटीला अडकवलेला किंवा वळचणीला ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकाने तो स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा आणि पुढे धरायचा. मालक वरून चहा ओतायचा, किटलीचा कपाला स्पर्श होऊ नये इतक्या उंचीवरून. पैसे हातात न घेता खाली ठेवायला सांगायचे आणि पाणी शिंपडून उचलायचे. चहा तोच, दरही तोच. गल्ल्यात पडणारे नाणे चालत होते, ते देणारा हात चालत नव्हता.

मोठ्या कारखानदारीतही हेच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत दलित कामगारांना सूतखात्यात काम मिळे. जास्त मजुरीचे साचेखाते, म्हणजे विणकाम विभाग, मात्र त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला दलिताचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते, आणि मालकांनी ही अडवणूक मोडून काढली नाही. 1928 च्या सार्वत्रिक गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांनी साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी मान्य केली. अन्याय करण्यात मालक आणि मजूर दोघेही सामील होते, हे या प्रकरणातले सर्वांत बोचणारे सत्य आहे.

उलट बाजूने, समतेच्या चळवळीला धंद्याचा आधार पहिल्यापासून होता. जोतीराव फुले ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’शी निगडित होते आणि बांधकामाची कंत्राटे घेत. 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या पाठीशी मुंबईतील रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू हे तेलुगू कंत्राटदार उभे राहिले. ज्यांची कमाई सवर्णांच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, त्यांनाच उघड बाजू घेणे परवडले.

चहाच्या कपाचा प्रश्न मात्र हाताळला गेला कोल्हापुरात, आणि तोही एका हॉटेलातूनच. शाहू महाराजांच्या पदरी असलेले दलित नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यासाठी मदत दिली. त्यातून कोल्हापुरात भर रस्त्यावर ‘सत्यसुधारक हॉटेल’ सुरू झाले. हॉटेल उघडले तरी गिऱ्हाईक येईना. मालकाची जात सगळ्या शहराला माहीत होती. तेव्हा महाराज स्वतः हॉटेलसमोर गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. राजाने प्यायलेला चहा नाकारायचा कसा, असा पेच दरबारी माणसांपुढे पडला. फाट्यावर जात माहीत नसते म्हणून चहा चालतो. इथे जात माहीत असूनही तो प्यावा लागला. म्हणून ही घटना एका हॉटेलच्या मदतीपेक्षा फार मोठी आहे. त्याच काळात, 1919 मध्ये, महाराजांनी हुकूम काढून विहिरी, धर्मशाळा अशा सार्वजनिक जागांवरची शिवाशिव बंद करण्यास फर्मावले. पण कपातला चहा हुकमाच्या आधी लोकांच्या घशाखाली उतरावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

वारंगा फाट्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपले आणि दीड वर्षही उलटले नाही तोच, 26 जानेवारी 1950 ला, राज्यघटना लागू झाली. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर हॉटेलातल्या भांड्यांचा वापर नाकारणे हाच गुन्हा ठरवला. दोषी दुकानदाराचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याची तरतूदही त्यात होती. 1976 मध्ये या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले आणि शिक्षा कडक झाली. कुडाच्या खुंटीवरचा कप देशाच्या कायद्यात शिरला होता.

खुंटीवरून तो लगेच उतरला नाही. एस.टी.ने मात्र मोठे काम केले. एका बाकावर शेजारी कोण बसले हे तिकीट विचारत नाही, आणि त्याच गाडीतून उतरलेली माणसे फाट्यावर एकाच बादलीत विसळलेल्या कपातून चहा पीत. गावात मात्र दुकान हे हत्यारही होऊ शकते. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. काही गावांत दलितांवर बहिष्कार पडला. काम बंद, किराणा बंद. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा तर 2017 मध्ये लागू झाला.

दरम्यान कष्टकऱ्यांनी आपली उपाहारगृहे काढली. बाबा आढावांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने 1974 मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. तिथे स्वस्तात पोटभर जेवण मिळे आणि धंदा हमालांच्याच संघटनेचा होता. 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभारली. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के वाटा ठरला. गंगारामांना एक महाराज लागले होते. आता तो पाठिंबा धोरणात लिहिला गेला.

फाट्यांवर आता कपबशीची जागा काचेच्या ग्लासाने आणि कागदी कपाने घेतली आहे. सगळ्यांनाच कागदी कप मिळतो तेव्हा वेगळ्या कपाला जागाच उरत नाही. एखाद्यालाच तो मिळाला तर तोच जुना कप नव्या रूपात परततो. वारंगा फाट्यावर नांदेडकडून गाडी लागते, प्रवासी उतरतात, खिचडीच्या प्लेटी रिकाम्या होऊन एकाच टबात पडतात आणि विसळून पुढच्या हातात जातात.