ॲक्युपंक्चरची पहिली भेट : सुईआधीचे प्रश्न आणि सुईनंतरची काळजी

गुडघेदुखीसाठी वर्षभर गोळ्या घेतल्या, मलमे चोळली, शेक घेतला. मानदुखीसाठी पट्टा लावला, उशी बदलली. तरीही दुखणे हटत नाही, तेव्हा सोसायटीतील एखादे शेजारी किंवा कार्यालयातील सहकारी 'एकदा ॲक्युपंक्चर करून पाहा' असा सल्ला देतात. सल्ला पटतो, पण सुईच्या धास्तीने पाऊल अडते. सुया किती टोचतात, रक्त येते का, चालू असलेल्या गोळ्या बंद कराव्या लागतात का, असे प्रश्न मनात घोळू लागतात. यांपैकी सुईचा प्रश्न सर्वांत किरकोळ, तर शेवटचा गोळ्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या भेटीत प्रत्यक्ष काय घडते आणि त्या वेळी रुग्णाने कोणती दक्षता घ्यावी, याची ही माहिती.

चीनमधून कोलकात्यामार्गे

ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी उपचारपद्धती. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की आजार उद्भवतो आणि वाहिन्यांवरील विशिष्ट बिंदूंवर सुया टोचून तो अडथळा दूर करता येतो, अशी तिची पारंपरिक धारणा आहे. असे ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. शरीरशास्त्राला या वाहिन्या आढळलेल्या नाहीत. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये शरीरातच स्रवतात, असे स्पष्टीकरण आधुनिक वैद्यक देते.

भारतात ही पद्धती येण्यामागे महाराष्ट्राशी जोडलेला एक धागा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस शल्यविशारद होते; चीनमध्येच १९४२ साली त्यांचे निधन झाले. बसू मायदेशी परतले, १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि पुढील वर्षी त्यांनी कोलकात्यात या उपचारांना प्रारंभ केला. भारतातील ॲक्युपंक्चरचा आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो.

भेटीला निघताना

पहिल्या भेटीसाठी साधारण तास-दीड तास हाताशी ठेवावा. उपाशीपोटी जाऊ नये; रिकाम्या पोटी सुया टोचल्यास चक्कर येण्याची शक्यता वाढते. भरपेट जेवूनही लगेच जाऊ नये. तास-दोन तास आधी हलका आहार घेतलेला बरा. मद्यपान करून जाणे टाळावे.

कपडे सैल असावेत. नेहमी वापरले जाणारे अनेक बिंदू कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली असल्याने बाह्या व पायघोळ सहज वर सरकवता आले की बरेचसे काम भागते. पाठीवर किंवा खांद्यावर उपचार करायचे असल्यास ती जागा उघडी करावी लागते. अशा वेळी चादर मागणे किंवा सोबतच्या नातेवाइकाला खोलीत थांबू देण्याची विनंती करणे यात संकोचण्यासारखे काही नाही.

जुने रिपोर्ट, एक्स-रे, एमआरआय आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही या यादीत समावेश असावा.

आधी बोलणे, मग सुई

अनेकांच्या अपेक्षेच्या उलट, पहिल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यात जातो. दुखणे केव्हा सुरू झाले, सकाळी वाढते की रात्री, शेकल्याने बरे वाटते की गारव्याने, हे विचारले जाते. त्यानंतर झोप, भूक, पोट साफ होणे, घाम, तहान, मासिक पाळी, मनावरचा ताण असे प्रश्न येतात. गुडघ्यासाठी आलेल्या रुग्णाला झोपेची चौकशी कशाला, असे वाटू शकते; परंतु चिनी पद्धतीत दुखरा अवयव सुटा न पाहता संपूर्ण प्रकृतीचा विचार केला जातो.

नंतर जीभ पाहिली जाते. तिचा रंग, आकार आणि तिच्यावरील थर यांची नोंद होते. म्हणून त्या दिवशी जीभ घासून जाऊ नये, तसेच जिभेला रंग चढवणारे पदार्थ टाळावेत. दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी पाहिली जाते. आयुर्वेदातील नाडीपरीक्षा ठाऊक असलेल्या मराठी रुग्णाला हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. एमबीबीएस डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ॲक्युपंक्चर करत असतील, तर ते जीभ व नाडीऐवजी सांधे, स्नायू आणि मज्जातंतूंची तपासणी करण्याची शक्यता अधिक.

मात्र जीभ आणि नाडी पाहणे हा रक्ततपासणीला किंवा एक्स-रेला पर्याय नाही. दुखण्याचे नेमके कारण कळलेले नसेल, तर आधी निदान करून घ्यावे आणि मगच सुयांकडे वळावे.

सुई कशी असते?

सुई म्हटले की इंजेक्शन डोळ्यांपुढे येते. पण ही तुलना चुकीची आहे. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचे असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते आणि तिच्यातून कोणतेही औषध दिले जात नाही. स्टेनलेस स्टीलच्या या सुईची जाडी सामान्यतः ०.१६ ते ०.३० मिलिमीटर असते.

सुई निर्जंतुक, बंद पाकिटातील आणि एकदाच वापरून टाकून देण्याची असावी. पाकीट आपल्यासमोर फोडावे, असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. अस्वच्छ सुयांमधून 'ब' प्रकारच्या काविळीचा संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. 'सुया उकळून घेतल्या आहेत' हे उत्तर पुरेसे मानू नये. उपचारकाने हात धुणे, त्वचा स्वच्छ करणे आणि वापरलेल्या सुया टणक डब्यात टाकणे, हेही पाहावे.

टोचल्यावर काय जाणवते?

रुग्णाला आडवे झोपवले जाते किंवा टेकून बसवले जाते. सुई बहुधा बारीक नळीतून हलकेच टिचकी मारून त्वचेत शिरवली जाते. त्या क्षणी मुंगी चावल्यासारखे वाटते, काहींना तेही जाणवत नाही. त्यानंतर सुई किंचित फिरवली की त्या जागी जडपणा, ओढ, मुंग्या किंवा मंद ठणका जाणवतो. चिनी परंपरेत या जाणिवेला 'द-ची' म्हणतात आणि ती अपेक्षितच मानली जाते. झणझणीत किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ आली, तर मात्र तसे ताबडतोब सांगावे. सोसत राहण्यात काहीही लाभ नाही.

एका वेळी साधारण पाच ते वीस सुया टोचल्या जातात. खोली जागेनुसार बदलते. बोटांवर काही मिलिमीटर, तर मांसल भागात अधिक. डोके दुखत असताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बिंदूवर, मळमळीसाठी मनगटाच्या आतील बाजूला सुई टोचली गेली, तर आश्चर्य वाटू देऊ नये. दुखऱ्या जागेपासून दूरचे बिंदू निवडणे हा या पद्धतीचा भाग आहे.

सुया पंधरा ते तीस मिनिटे ठेवल्या जातात. या काळात हालचाल टाळावी. अनेकांना याच वेळी डुलकी लागते. उपचारक खोलीबाहेर जाणार असतील, तर हाक मारण्याची सोय काय, हे आधीच विचारून घ्यावे. सुया काढताना दुखत नाही. क्वचित रक्ताचा थेंब येतो आणि कापसाने दाबले की थांबतो. टोचलेल्या आणि काढलेल्या सुयांची संख्या जुळवणे ही उत्तम सवय होय.

काही ठिकाणी सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात, दवण्याच्या कुळातील वनस्पतीची वात पेटवून बिंदूंना ऊब देतात किंवा पाठीवर पेले लावतात. पेल्यांमुळे पडलेले लालसर-काळसर वण काही दिवस राहतात. यांपैकी कोणताही उपचार आधी सांगून आणि संमती घेऊनच व्हावा.

उपचारानंतर

उठताना घाई करू नये. काही मिनिटे बसून, पाणी पिऊन मग निघावे. पहिल्या खेपेला सुस्ती येऊ शकते, म्हणून लगेच दुचाकी चालवत गर्दीत शिरणे टाळलेले बरे. त्या दिवशी जड व्यायामही नको. टोचलेल्या जागी किंचित निळसर डाग पडणे किंवा दुखणे एखाद्या दिवसासाठी वाढणे असे प्रकार घडतात.

गंभीर दुष्परिणाम विरळ आहेत. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३४ हजार उपचारांमध्ये एकही गंभीर दुर्घटना नोंदली गेली नाही. मात्र ते उपचार प्रशिक्षित उपचारकांनी केलेले होते. छातीवर किंवा खांद्यावर सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. उपचारानंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखू लागले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

अपेक्षा किती ठेवावी?

एकाच बैठकीत दुखणे पळाले, अशा कहाण्या ऐकू येतात. वास्तविक जुनाट दुखण्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा, अशा सहा ते दहा बैठका सांगितल्या जातात. पहिल्याच भेटीत एकूण बैठका, प्रत्येकीचा खर्च आणि फरक पडला की नाही हे केव्हा तपासायचे, या तीन गोष्टी विचाराव्यात. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण देऊन वहीत टिपत गेल्यास फरक स्वतःच जोखता येतो. चार-पाच बैठकांनंतरही काहीच उतार नसेल, तर पुढे जावे का, याचा फेरविचार करावा. पूर्ण रक्कम आगाऊ भरण्याची घाई करू नये.

संशोधनाचे निष्कर्षही संमिश्र आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ३९ चाचण्यांतील २० हजार ८२७ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. पाठ-मानदुखी, झिजेमुळे होणारी सांधेदुखी आणि जुनी डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चरचा लाभ दिसला. पण खोट्या सुयांच्या तुलनेत हा फरक माफक होता. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये त्याच दुखण्यासाठी औषधाविना करावयाच्या उपायांत त्याचा समावेश केला. वेदना आणि मळमळ यांच्यापलीकडे, मधुमेह किंवा कर्करोग 'मुळासकट' बरा करण्याचा दावा कुणी केला, तर तेथून उठून यावे हेच इष्ट.

या रुग्णांनी आधी सांगावे

गर्भवती स्त्रियांनी आपली अवस्था स्पष्टपणे सांगावी, कारण काही बिंदू गर्भारपणात परंपरेने टाळले जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्तस्रावाचा विकार असलेले, हृदयाची झडप बदललेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच जावे. पेसमेकर असलेल्यांनी विद्युतप्रवाहाचा उपचार घेऊ नये. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असल्यास तसे सांगावे. अशा पायाला सुईची किंवा उबेची तीव्रता कळत नाही आणि जखम भरण्यासही वेळ लागतो.

काही लक्षणे असताना सुयांकडे वळणेच धोक्याचे आहे. पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, छातीतील कळ, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना या तक्रारींसाठी प्रथम डॉक्टर गाठावेत. सुईने वेदना तात्पुरती दबली आणि निदान लांबले, तर त्याची किंमत मोठी असते.

पाटीवरील नाव आणि नोंदणी

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला असून, त्यात उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषदेची तरतूद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे 'आपली नोंदणी कोठे आहे आणि प्रशिक्षण कोठे झाले?' हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. नोंदणीकृत उपचारक नोंदणी क्रमांक सहज दाखवतात.

राहता राहिला चालू गोळ्यांचा प्रश्न. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, अपस्मार किंवा हृदयविकाराची औषधे ॲक्युपंक्चर सुरू केले म्हणून बंद करायची नसतात. बरे वाटू लागल्यावर वेदनाशामक गोळी कमी करायची झाली, तरी ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करावी. 'आधी सर्व गोळ्या बंद करा, मग सुया सुरू करू' असे पहिल्याच भेटीत कुणी सांगितले, तर दुसऱ्या भेटीची वेळ घेऊ नये.