कायमचा पत्ता

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेल्या माणसास आपले स्वग्राम कोणते हे लिहून द्यावे लागते. रजा-प्रवासाची सवलत त्या गावापर्यंत मिळते. एकदा घोषित केलेले स्वग्राम सहसा बदलत नाही. वरिष्ठांनी मान्यता दिलीच तर उभ्या नोकरीत एकदाच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रवासखर्चाचा हिशेब असेल. परंतु आम्हां परप्रांती राहणाऱ्या मराठी नोकरदारांची लेखणी त्या रकान्यापाशी थबकते खरी. जबलपूरच्या विजय नगरात ज्याने घर बांधले, ज्याची मुले हिंदी कविता पाठ करीत वाढली, त्याने स्वग्राम म्हणून कोणते गाव लिहावे? भाऊबंदांत वाटणी होऊन एक पडकी खोली वाट्यास आलेले कोकणातील वा देशावरील खेडे, की जेथे त्याचे रेशनकार्ड, मतदान आणि म्हातारपण आहे ते शहर?

विजय नगर ही वसाहत जुन्या शहराच्या मानाने अलीकडची. तिच्यातील एका चौकास अहिंसा चौक म्हणतात. विजय आणि अहिंसा यांचा हा शेजार आम्हांस नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. कारण या शहराशी मराठी माणसाचा पहिला मोठा संबंध आला तो विजयातून आणि तो अहिंसक मुळीच नव्हता.

१७८१ साली सागरच्या मराठी अंमलदारांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले आणि जबलपूर हे आपले मुख्य ठाणे केले. सागरचे हे घराणे खेरांचे. मूळ पुरुष गोविंद बल्लाळ खेर हे रत्नागिरीकडील नेवऱ्याचे. पण बुंदेलखंडात इतके मुरले की इतिहास त्यांस गोविंदपंत बुंदेले म्हणूनच ओळखतो. मुलुखाचे नाव त्यांना आडनाव म्हणून चिकटले आणि १७६० च्या डिसेंबरात, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असता, ते पुण्याच्या दौलतीसाठी पडले. एका माणसाच्या ठायी दोन निष्ठा राहू शकतात काय, असे विचारणाऱ्यास आम्ही प्रथम हे नाव सांगू.

परंतु त्यांच्या मागून जबलपुरास आलेला अंमल असा मुरला नाही. १७९८ त पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांस दिले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. अवघी छत्तीस वर्षे. या काळाविषयी आमच्या मंडळांच्या स्मरणिकांत 'मराठ्यांनी जबलपूरला वैभव आणले' अशा चालीची वाक्ये असतात. त्यांना आमचा विरोध नाही. फक्त त्यांच्या शेजारी गॅझेटियरातील एक नोंदही छापावी. मराठी अमदानीत विधवा विकल्या जात आणि ती रक्कम सरकारी खजिन्यात भरली जाई. इंग्रजांचा ताबा आल्यावर जे हंगामी सरकार नेमले गेले, त्याचे प्रमुख रघुनाथराव इंगळे. त्यांनी जुनेच कायदे पुढे चालविले आणि १८१८ च्या सप्टेंबरातही एका स्त्रीचा लिलाव सतरा रुपयांस झाल्याचे त्यात नमूद आहे. लिहिणारे इंग्रज होते आणि आपल्या आधीच्या राज्यकर्त्यांस काळे रंगविण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे खरे. पण एवढ्याने ते सतरा रुपये खोटे ठरत नाहीत. ज्या प्रदेशाकडे केवळ वसुलीचा मुलूख म्हणून पाहिले, त्या प्रदेशाचे आपण झालो असे म्हणण्याचा हक्क छत्तीस वर्षांनीच काय, तीनशे वर्षांनीही मिळत नसतो.

दुसरे येणे झाले ते इंग्रजी राज्यात. १८६१ त मध्य प्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर झाली आणि मराठी व हिंदी जिल्हे एका कचेरीखाली आले. १९०३ त वऱ्हाड त्यांस जोडले गेले. नागपूर-वऱ्हाडाकडील शिकलेला मनुष्य वकील, मास्तर, कारकून, तहसीलदार होऊन जबलपूर, सागर, होशंगाबादेस जाऊ लागला. ही मुलूखगिरी नव्हती. ही बदली होती. बदलीवर आलेला मनुष्य आपले सामान निम्मे बांधलेलेच ठेवतो, हे या पानांच्या वाचकांस आम्ही काय सांगावे!

ते सामान सोडायचे की पुरते बांधायचे, हा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ रोजी एकदम पुढे आला. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेल्या महाकोशलास मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ जोडून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळास आणि उच्च न्यायालय जबलपुरास आले. जमिनीची वाटणी नकाशावर रेघ ओढून होते. नोकरांची होत नाही. कोणता अधिकारी कोणत्या राज्याचा हे केंद्र सरकारने ठरवावे, असे त्या कायद्याचे ११५ वे कलम सांगत होते. निवृत्तिवेतन, ज्येष्ठता, मुलांच्या शाळा, घरातील वृद्ध, अशा किती गोष्टी त्या वाटपात गुंतल्या होत्या! निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या अभियंत्यांच्या ज्येष्ठतेची यादी कशी लावावी, हा मध्य प्रदेशातील वाद सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला तो १९६७ साली. तोवर अकरा वर्षे उलटून गेली होती.

यात सूक्ष्म अन्याय असा की, ज्या राज्यघटनेने आम्हांस नागरिक केले तिला या रेघा ठाऊकच नाहीत. तिचे पाचवे कलम भारताच्या प्रदेशातील अधिवासाविषयी बोलते. प्रांताचे नागरिकत्व अशी वस्तू आपल्याकडे नाही. व्यवहारात मात्र 'मूल निवासी' दाखला मागितला जातो. १९५५ साली इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मध्य भारताच्या रहिवाशांस प्रवेशाचे जादा शुल्क माफ, बाहेरच्यांस लागू, असा तेथला नियम होता. दिल्लीकडील एका विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले. जन्मस्थानावरून भेद करण्यास घटनेची मनाई आहे, निवासावरून नाही, असे म्हणून बहुमताने तो नियम राखला. पुढे १९८४ त, प्रदीप जैन यांच्या खटल्यात, भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट बजावले. तरीही राज्याच्या रहिवाशांसाठी काही जागा राखण्यास त्याने पुरती बंदी केली नाही. दोन्ही निर्णय वाचून आम्हांस असे वाटते की, कायदा या बाबतीत आपल्यासारखाच आहे. मनाने एक देश मानतो आणि अर्ज भरताना जिल्हा विचारतो.

देशाची सीमा ओलांडली तर हा प्रश्न किती टोकदार होतो, हे कोकणच्या बेने इस्रायल समाजाने अनुभविले. शनवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून ज्यांस किनाऱ्यावरची गावे 'शनवार तेली' म्हणत, ते लोक १९४८ नंतर इस्रायलास जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्यांस मिळाला. शेजाऱ्याच्या मनातली जागा तेवढ्याने मिळाली नाही. भेदभावाची तक्रार करून १९५१-५२ त काहींनी धरणे धरले व ते भारतात परतले. पुढे विवाहाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासावी असा आदेश तेथील धर्मपीठाने काढला. मोठी निदर्शने झाली आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे तेथल्या सरकारास जाहीर करावे लागले. आणि हे सारे सोसून पुन्हा त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले! नव्या देशावरची त्यांची निष्ठा त्यामुळे उणी झाल्याचे आम्हांस तरी दिसत नाही.

आता जबलपूरकडे परत येऊ. कारण ज्या माणसाने या भूमीचे ऋण सर्वांत चोख फेडले असे आम्ही मानतो, तो याच भागातला. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ त, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. घरची भाषा मराठी. पदवी घेतल्यावर तहसीलदारीचे बोलावणे आले, ते त्यांनी नाकारले. (हे वाक्य आमच्या वाचकवर्गापुढे लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते.) १९०० साली पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. १९०७ त नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू केला. १९०८ त राजद्रोहाखाली अटक झाली. घरच्यांच्या आग्रहामुळे त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि सुटले. त्या क्षमापत्राची बोच त्यांस फार लागली. ते एकांतात गेले, रामदासी साधनेत रमले आणि त्यातून दासबोधाचे हिंदी भाषांतर निघाले. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अवतारही त्यांचाच. १९२० त जबलपुराहून 'कर्मवीर' साप्ताहिक उभे राहिले त्यामागे सप्रे होते. संपादक म्हणून त्यांनी माखनलाल चतुर्वेदींस पुढे केले. आपण मागे राहिले. १९२४ त हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. त्यानंतर दोन वर्षांनी रायपुरास त्यांचे निधन झाले.

सप्रे यांनी मराठीचा त्याग केला काय? आम्ही तर म्हणू, समर्थ आणि टिळक नर्मदेच्या तीरावरील घरांत त्यांनी जितके नेले तितके आमच्या साऱ्या गणेशोत्सवांनी मिळून नेले नसतील. आमची मंडळे कोजागिरीस जमतात, नाटक बसवितात, ते चांगलेच आहे; पण शेजारच्या हिंदी घरास त्याची वार्ता नसते. सप्रे यांनी आपली शिदोरी त्या शेजाऱ्याच्या भाषेत उघडली.

शेजाऱ्यानेही हात आखडता घेतला नाही. नेवाळकर हे कोकणातील घराणे. त्यांची सून, काशीत जन्मलेली मराठी मुलगी, झाशीसाठी लढून मेली. तिच्यावरची जी कविता उत्तर हिंदुस्थानातील पोर न पोर म्हणते, ती लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान जबलपूरच्या. विवाहानंतर त्या येथे आल्या आणि येथल्याच झाल्या. त्यांचेही जन्मगाव प्रयागकडचे होते.

आणखी एक घर सांगण्यासारखे आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ त ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मले. काही काळ जबलपुरास शिक्षक आणि पत्रकार होते. ते हिंदीचे मोठे कवी झाले. धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरास राहिले आणि मराठीचे कवी झाले. १९५६ ची रेघ या दोघांच्या मधून गेली. शरच्चंद्रांचे नागपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले. गजानन १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात रुजू झाले, तेव्हा ते गाव मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगडात आहे.