झड, ओल आणि खिडकी : आंबिवली परिसरातील घरांचा इतिहास

खिडकीच्या फटी बुजवण्याचे शास्त्र थंड देशांत वाढले. तिथे घरातली ऊब बाहेर निसटू नये आणि गार काचेवर आतल्या बाजूने पाणी साचू नये, ही गरज होती. कल्याणजवळच्या आंबिवलीत ती गरज वर्षातले जेमतेम काही आठवडे भासते. उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ खाली न पडता नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका घुसतो. या तिरक्या माऱ्याला मराठीत झड म्हणतात. इथल्या खिडकीचा इतिहास हा झड अडवण्याचा आणि त्याच वेळी घराला कोंडू न देण्याचा इतिहास आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. झड अडवायला बंद केलेले घर ओलीने कुबट होते.

आंबिवली, अटाळी, वडवली, मोहने या गावांतले सर्वांत जुने साधे घर कुडाचे होते. डोंगरउतारावरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी उभ्या करून, आडव्या पट्ट्यांनी बांधून, दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपले की कूड तयार होई. वर भाताचा पेंढा किंवा गवत. अशा घराला बहुधा खिडकी नसे, आणि ती नसण्याने फारसे अडतही नसे. कूड छपरापर्यंत पोहोचत नसल्यामुळे भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये सगळीकडून फट राही. चुलीचा धूर आणि माणसांच्या श्वासाची वाफ त्या फटीतून निघून जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर घराच्या माथ्यावर चारी बाजूंनी वायुवीजनाची पट्टी होती, आणि पुढे आलेल्या वळचणीमुळे तिच्यातून पाऊस मात्र आत येत नसे. शेणामातीचा थर स्वतः थोडी वाफ शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. त्यामुळे अशा भिंतीला पाण्याचे थेंब सुटत नाहीत.

झडीची बाजू वेगळी सांभाळावी लागे. मृगाच्या आधी शाकारणीची घाई सुरू झाली, की छपराबरोबर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या कुडांचीही डागडुजी होई. त्या बाजूंना बाहेरून गवताच्या ताट्या किंवा माडा-ताडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. ताटी आणि कूड यांच्यामध्ये हात जाईल एवढे अंतर ठेवले तर ताटी भिजली तरी कूड कोरडा राही. दसऱ्याच्या सुमाराला ताट्या सुटत, वाळत आणि बहुधा जळणात जात. दोन आवरणे, मध्ये हवेचा थर आणि बाहेरचे आवरण दरवर्षी नवे, अशी ही रचना होती. तिचे श्रेय कुणा एका वास्तुविशारदाचे नाही. आगरी, कोळी, कुणबी, ठाकर, कातकरी अशा सर्वांच्या घरांत ती थोड्याफार फरकाने होती. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कारवीच्या कुडांच्या आणि गवती छपरांच्या घरांची नोंद आहे.

खिडकी म्हणावी अशी खिडकी आली ती विटांच्या आणि दगडांच्या वाड्यांबरोबर. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आल्यावर उत्तर कोकणात पेशवाईची घडी बसली आणि कल्याण हे सुभ्याचे ठाणे म्हणून वाढले. वाड्याची भिंत दीड-दोन हात जाडीची, खिडकी लहान, आत खोल बसवलेली. उभे लाकडी गज, आत उघडणाऱ्या दोन झडपा, मागे कडी किंवा अडसर. काच नव्हतीच. झडप लावली तर अंधार आणि उघडली तर उजेड, अधले-मधले काही नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या घरांना शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने बसवत; त्यांतून झड न येता मऊ उजेड आत येई. कल्याणच्या अंगाला ही प्रथा रुजली नाही. इथे उजेडाची सोय चौकातून होई आणि झडीचा बंदोबस्त पडवीने. पडवीचे छप्पर एवढे खाली येई, की पागोळ्या खिडकीपासून सहा-सात फुटांवर पडत.

सुतारकाम मात्र याच काळात एका बारीक प्रश्नाशी झुंजू लागले. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात घट्ट बसवलेली झडप श्रावणात चौकटीत अडकून बसते; तेव्हा रंधा मारून सैल केली, तर माघात तिच्या कडेने गार वारा शिरतो. म्हणून जाणता सुतार कोरड्या दिवसांत झडप बसवताना कडेला मुद्दाम बारीक फट सोडी. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगून ती फट आपोआप मिटे, आणि नेमकी झडीच्या दिवसांतच खिडकी घट्ट होई. फट मिटवणारी पट्टी म्हणजे खुद्द झडपच होती. साग कमी फुगतो, ऐन आणि आंबा अधिक. त्यामुळे फट किती सोडायची हे लाकूड पाहून ठरे. दोन झडपांच्या सांध्यावर एका झडपेला उभी पट्टी ठोकलेली असे, तीही वारा-पाणी अडवण्यासाठीच. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात न जाता हातांतच राहिले. पुढे कारखान्यात ठरावीक मापाच्या चौकटी बनू लागल्या तेव्हा सर्वांत आधी तेच विसरले गेले, ही मोठी हानी आहे.

१८५५ मध्ये लोहमार्ग कल्याणहून वाशिंदपर्यंत गेला आणि तो आंबिवलीच्या शिवारातूनच गेला. रेल्वेने विटा, चुना, लोखंडी गज आणि काच स्वस्तात आणली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तिथली सपाट, एकमेकांत अडकणारी कौले हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि नळीच्या देशी कौलांची जागा घेऊ लागली. त्यांच्याबरोबर आलेली एक छोटी वस्तू या इतिहासात मोलाची आहे : काचेचे कौल. माजघराच्या छपरात एक-दोन काचेची कौले बसवली, की भिंतीला भोक न पाडता, झड न येता, उजेड थेट खाली उतरे. भिंतीतल्या खिडकीला न जमलेले काम छपराने केले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि खिडकीकडे पाहण्याची सरकारी नजर बदलली. अंधारी, ओली, कोंदट खोली हे रोगाचे घर मानले गेले. उजेड यावा म्हणून राहत्या घरांची कौले काढण्याचेही प्रकार झाले. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी खोलीला मोकळे आकाश दिसावे यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. साध्या हिशेबात त्याचा अर्थ, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निदान निम्मे मोकळे अंतर खिडकीपुढे हवे. खिडकी मोठी आणि उघडी हवी, हा विचार इथून पुढे ठाणे-कल्याणच्या बांधकामातही आला. तो योग्यच होता. पण मोठ्या खिडकीवर तेवढाच मोठा आडोसाही हवा, ही त्याची दुसरी बाजू पुढे पातळ होत गेली.

१९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे एनआरसीचा, कारखाना मोहन्याला उभा राहिला. त्याच्या वसाहतीमुळे आणि आजूबाजूला वाढलेल्या चाळींमुळे आंबिवली गाव न राहता कामगारांचे उपनगर झाले. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, पण वस्ती वाढतच गेली. सिमेंट-काँक्रीटचे घर आणि पत्र्याची चाळ ही या काळाची दोन रूपे, आणि दोन्हींत पाण्याचा उपद्रव वेगवेगळा.

काँक्रीटच्या घरात वळचणीची जागा फूट-दीड फुटाच्या छज्ज्याने घेतली. पाऊस ४५ अंशांनी येत असेल, तर दीड फुटी छज्जा खिडकीचा वरचा दीड फूटच वाचवतो. चार फुटी खिडकीचा खालचा अडीच फूट भिजतो. पूर्वी खिडकीपासून लांब ठेवलेले पाणी आता थेट खिडकीवर आदळू लागले आणि ते अडवण्याचा सगळा भार चौकटीवर पडला. लाकडी चौकटीत काच लांबीने (पुट्टीने) बसवत. तीन-चार उन्हाळ्यांत लांबी तडकते आणि तिथून पाणी झिरपते. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातली फट त्याहून वाईट, कारण ती दिसत नाही. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे दिसले, की ओल बहुधा तिथून आलेली असते. पावसाळ्यापुरती ग्रिलला बाहेरून ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक बांधण्याची चाल याच काळातली. साधने बदलली, पण ती पूर्वीच्या झापाचीच जागा भरते.

चुलीच्या जागी गॅस आला आणि घरातल्या वाफेचा हिशेब बदलला. एक किलो गॅस जळला, की दीड किलोहून थोडी अधिक पाण्याची वाफ होते; म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लीटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते. एका खोलीत झोपलेली चार माणसे रात्रभरात एक-दीड लीटर वाफ सोडतात. त्यात पावसाळ्यात दोरीवर घरातच वाळणारे कपडे. लाकडाच्या चुलीलाही वाफ होतीच, पण तिच्या धगीने भिंती आणि छपराचे लाकूड तापून कोरडे राही, आणि वरची फट उघडी असे. आता छत बंद आणि झडीमुळे खिडक्याही बंद. जूनमध्ये दमट वारा पहिल्यांदा घरात शिरतो तेव्हा शहाबादी फरशीला घाम फुटतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते, हे त्याचे कारण. त्या दिवशी पुसून उपयोग नसतो. फरशी तापेपर्यंत ती पुन्हा ओली होते.

पत्र्याच्या चाळीत थंडीतही पाणी येते, आणि थंड देशांतल्या खिडकीशी सर्वांत जवळचे नाते याच घराचे आहे. पौष-माघात आकाश निरभ्र असले, की पत्रा रात्री उष्णता वर फेकत बाहेरच्या हवेहूनही गार होतो. झोपलेल्या माणसांची वाफ त्याच्या खालच्या अंगाला लागून दवासारखी जमते आणि पहाटे थेंब अंथरुणावर पडतात. गारठा अडवायला भिंत आणि पत्रा यांच्यातल्या फटीत चिंध्या किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तर वाफेची वाट बंद होऊन थेंब वाढतात. पत्र्याखाली बांबूची चटई, पुठ्ठा किंवा थर्मोकोल लावणाऱ्यांना फरक पडतो, तो वाफ आणि गार पत्रा यांची गाठ कमी झाल्याने. थर मात्र घट्ट बसायला हवा, नाहीतर तेच पाणी त्याच्या मागे साचते.

१९९० च्या दशकात तळोज्याला फ्लोट काचेचा कारखाना आला. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करण्याची ही पद्धत ब्रिटनमध्ये ॲलेस्टर पिल्किंग्टन यांनी शोधली होती आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली होती. मोठी, सरळ काच देशातच बनू लागली आणि सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांनी लाकडी झडपा हटवल्या. ॲल्युमिनियम फुगत नाही, म्हणून पावसाळ्यात फट आपोआप मिटण्याची सोयही गेली. तिची जागा रबरी गॅस्केट, केसाळ पट्टी आणि बाहेरच्या सांध्यातले सिलिकॉन यांनी घेतली. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. धूळ, रंग किंवा घाईत भरलेले सिमेंट यांनी ती बुजली, की ट्रॅक पन्हळीसारखा भरतो आणि जोराच्या वाऱ्यात पाणी आत सांडते. अशा गळतीवर सिलिकॉन थापण्याआधी ती छिद्रे मोकळी करायला हवीत. त्यांच्यावरच सिलिकॉन बसले तर गळती वाढते.

वातानुकूलन यंत्र आल्यावर आंबिवलीतल्या खिडकीची फट बुजवण्याला थंड देशांसारखे कारण मिळाले, फक्त दिशा उलटी झाली. तिथे ऊब आतून बाहेर जाते, इथे ऊब आणि दमटपणा बाहेरून आत येतात. तिथे काच आतून ओली होते; इथे जुलैच्या रात्री गार वाऱ्याचा झोत थेट काचेवर असेल तर ती बाहेरून ओली होते. बाहेरच्या थेंबांनी घराचे नुकसान होत नाही. फटीतून शिरणाऱ्या दमट हवेने होते : ती गार भिंतीवर, कपाटामागे पाणी सोडते आणि तिथे बुरशी धरते, शिवाय यंत्राची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यातच जाते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे सुमारे ५.७ वॅट उष्णता जाते. मध्ये हवेचा थर ठेवलेल्या दुहेरी काचेतून २.८ च्या आसपास. दुहेरी काच महाग आहे, आणि फटी तशाच राहिल्या तर तिचा बराचसा फायदा वाया जातो. गॅस्केट बदलायला मात्र थोडकेच पैसे लागतात. काचेवर ऊन पडू न देणे त्याहून फायद्याचे, कारण थेट उन्हाची उष्णता दुहेरी काचही बरीचशी आत सोडते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचा पडदा किंवा खोल छज्जा असेल तर ऊन आणि झड दोन्ही बाहेरच राहतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी इको निवास संहिता जाहीर केली. उष्ण-दमट प्रदेशात, ज्यात ठाणे जिल्हा येतो, खिडक्यांचा उघडता येणारा भाग घरातल्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावा असे ती सांगते. थंड प्रदेशासाठी हेच प्रमाण ८.३३ टक्के आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवरही तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली असून तिच्या हिशेबात छज्ज्याची खोली धरली जाते. सरकत्या दोन झडपांच्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणून हे प्रमाण गाठायला तिचा आकार दुप्पट लागतो. बिजागरीवर पूर्ण उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या झडपेला तो लागत नाही.